मास्तरांच्या मागची शीळ

मरण माणसाच्या डोळ्यांतून येत नाही, पोटातून येत नाही, पायांतून तर मुळीच नाही. मरण कानातून येतं आणि येताना पायांचा आवाज करीत नाही, हा सिद्धांत भाई मिठबावकर मास्तरांनी माघ महिन्यातल्या एका सकाळी ओटीवरून, उजवा हात उंच करून, जाहीर केला.

समोर श्रोता म्हणून मासळीवाली हिरा तेवढी होती. ती पायरीवर पाटी उतरवून पेडव्यांचे वाटे लावत होती.

“ता खरा,” हिरा म्हणाली. “पण पेडवे होये काय नको, ता आदी सांगा.”

भाईंना यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. हिराचे ओठ हलले, मान हलली, तेव्हा सिद्धांताला अनुमोदन मिळालं असं धरून त्यांनी हात खाली घेतला. आतून कावेरीबाई परात घेऊन बाहेर आल्या.

“वयनी, मास्तर मरणाचा बोलतत.”

“बोलांदेत. दोन वाटे घाल.”

“बोलूक माजी ना नाय गो. पण सकाळच्या पारी कित्या? माजी पाटी अजून भरलेली आसा.”

भाई गमतीने बोलत नव्हते. त्या सकाळी ते उठले, यंत्र कानात घातलं, आणि समुद्र नव्हता.

म्हणजे होता. माडांच्या मधून तो नेहमीसारखा दिसत होता. लाट वर येत होती, फुटत होती, वाळूवर पांढरी पसरत होती. पण कुणी कंदिलाची वात खाली करावी तसा त्याचा आवाज काढून घेतला होता. कुणकेश्वराच्या अलीकडच्या त्या वाडीत समुद्र कुणी मुद्दाम ऐकत नाही. मूल जन्मतं ते त्या घुमण्यात आणि म्हातारा जातो तोही त्याच घुमण्यात. मध्येच एखाद्या दिवशी ते घुमणं थांबलं तर समुद्र आणि ऐकणारा या दोघांपैकी कुणीतरी एक गेलेला असणार. समुद्र जागेवर होता. तेव्हा भाईंनी उरलेल्याचा विचार केला.

हे यंत्र घरात आलं होतं दिवाळीत. भाई जामसंड्याच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांचे कानही हळूहळू निवृत्त झाले. मुंबईला बँकेत असलेला त्यांचा मुलगा मधू त्यांना कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि भाई परतले ते गळ्यात यंत्र अडकवून. पानाच्या डब्याएवढी पेटी, तिला चामड्याची पिशवी, पिशवीला गळ्यात घालायचा पट्टा. पेटीतून निघालेली वायर कानापर्यंत चढे. तिच्या टोकाला एक बटण, आणि बटणाला भाईंच्या कानाच्या मापाचा ओतीव साचा, ओल्या काजूगरासारखा वळलेला, मधून आरपार भोक असलेला. आवाज पेटीत शिरे, वायरीतून वर जाई आणि त्या भोकातून कानात उतरे. एवढं सगळं शास्त्र शेवटी एका भोकावर उभं होतं.

ते भोक कसं राखायचं, हे डॉक्टरांनी फार नीट समजावलं होतं. रोज रात्री साचा बटणापासून सोडवा, कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, फुंकर मारून वाळवा. ब्रशाने मळ झाडा, तारेच्या फाशाने भोक मोकळं करा. आणि कानात तेल घालू नका. फक्त हे दाखवताना डॉक्टरांनी साचा स्वतःच्या हातात घेतला होता. म्हणजे तो भाईंच्या कानात नव्हता. मधू टॅक्सी बघायला खाली गेला होता. भाईंनी डॉक्टरांचे ओठ हलताना पाहिले, बोटं फिरताना पाहिली, आणि बहिरा माणूस जे करतो ते केलं. प्रत्येक वाक्याला मान डोलावली, आणि शेवटी डॉक्टर हसले तेव्हा आपणही हसले. इतका समजूतदार पेशंट डॉक्टरांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

घरी आल्यावर पहिला महिना सुखाचा गेला. समुद्र परत आला, कावळे परत आले, फाटकाची कडी वाजू लागली. कावेरीबाई स्वयंपाकघरात स्वतःशी जे बोलत, तेही भाईंना ओटीवर ऐकू येऊ लागलं, त्यामुळे सुख एकट्या भाईंचंच झालं.

यंत्राची निगा मात्र दोघांनी मिळून राखली. पहिल्या दिवशी कावेरीबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. रोज रात्री भाई चष्मा काढून ठेवत, मग पेटी बंद करून चाचपडत कानातून यंत्र काढत. कावेरीबाई ते धुतल्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात गणपतीच्या बाजूला ठेवत. वस्तू नाजूक, तेव्हा तिला देवाजवळच जागा. यंत्राबरोबर आलेला इवलासा ब्रश घासल्यावर लंगड्या बाळकृष्णाच्या नाकाखाली राहिलेली चिंच काढायला इतका सोयीचा पडला, की डॉक्टरांना कोकणातल्या देवपूजेची माहिती असावी असं कावेरीबाईंना वाटलं. तारेचा फासा कावेरीबाई समईची वात वर ओढायला वापरू लागल्या. आणि भाई झोपण्यापूर्वी, लहानपणापासूनच्या शिरस्त्याप्रमाणे, लसूण घालून कडवलेलं खोबरेल कानात सोडत. यंत्राला ऐकायची मेहनत पडते, तर आतली वाट तरी मऊ असावी, हा त्यांचा विचार होता.

मग आवाज जायला लागले.

आधी माडाच्या झापांची सळसळ गेली. भाईंना वाटलं, वारा पडलाय. मग कावळा कुंपणावर बसून चोच उघडू आणि मिटू लागला, पण चोचीतून काही पडेना. भाईंनी जामसंड्याहून नवे सेल आणले. दुकानदाराने सेल टॉर्चच्या दिव्याला लावून दाखवले. दिवा लख्ख पेटला. घरी येऊन सेल घातले, तर कावळा तसाच मुका. भाईंनी पेटीवरचं आवाज वाढवायचं चाक थोडं पुढे सरकवलं. आठवड्याने आणखी सरकवलं. कान कोरडा पडलाय की काय म्हणून तेलही वाढवलं. जसजसा आवाज कमी झाला तसतसं तेल वाढत गेलं आणि चाक पुढे गेलं, आणि ज्या दिवशी चाक शेवटाला जाऊन अडलं, त्या दिवसापासून लोक भाईंच्या खांद्यामागे बघायला लागले.

सुरुवात तुकारामाच्या कुत्र्याने केली. तुकाराम हा शेजारी. बांधावर उभा राहून तो भाईंना काजूच्या मोहोराबद्दल काहीतरी सांगत होता. पायांशी निजलेल्या कुत्र्याने एकाएकी कान उभे केले, भाईंकडे पाहिलं, मान वर केली आणि तोंड उघडलं. ते विव्हळत होतं हे भाईंना त्याच्या गळ्यावरून कळलं. तुकाराम बोलता बोलता थांबला. त्याची नजर भाईंच्या डाव्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. मग त्याला घरी काहीतरी काम असल्याचं आठवलं.

भाईंनी वळून पाहिलं. मागे काजूचं झाड होतं. झाडामागे सडा, लांबवर काळाभोर कातळ, आणि कातळावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तसंच झालं. तिसऱ्याच दिवशी देवळाच्या पायरीवर बसलेल्या दोन बायका ते येताच उठल्या. भाई कुठेही गेले की माणसं आधी त्यांच्याकडे बघत, मग त्यांच्या मागे बघत, आणि मग निघून जात. भाईंनाही चालता चालता वळून बघायची खोड लागली. प्रत्येक वेळी मागे कुणी नसे. कुणी असतं तर निदान विचारता आलं असतं.

शेवटी कावेरीबाईंनीच सांगितलं. गोष्ट गुपचूप सांगण्यासारखी होती, म्हणून त्यांनी भाईंना न्हाणीघराच्या मागे नेलं, त्यांच्या यंत्र नसलेल्या कानाला तोंड लावलं आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या.

“तुमच्या मागसून शीळ वाजता!”

“काय?”

त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं. त्यामुळे ज्या दोन घरांना पहिल्यांदा नीट कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

“कसली शीळ?” भाईंनी विचारलं.

“बारीक. लांब. शेवटाक वर चडता. तुमी ओटयेर बसलास की ओटयेर वाजता, जेवूक बसलास की पाटाकडे वाजता. काल मान खाली घालून ताक पिलास, तेवा तर माज्या कानाक दडे बसले.”

“माका कशी आयकाक येत नाय?”

कावेरीबाईंनी सड्याच्या दिशेने पाहिलं. त्या दिशेला गावच्या सीमेवर काजऱ्याचं झाड आहे, झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे, आणि तिथे देवचार राहतो, गावचा राखणदार. काठी, घोंगडी आणि पायांत वहाणा असा तो सड्यावरून फिरतो आणि शीळ घालतो, हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त भाईंच्या शाळेतल्या पोरांना, कारण देवचार नाही, हे भाई त्यांना दर वर्षी पाठ करून घेत.

“हिरा म्हणता,” कावेरीबाई पुन्हा कानाशी ओरडल्या, “देवचार जेका न्हेवचो आसता तेच्या मागसून शीळ घालीत चलता. सगळ्यांका आयकाक येता. तेका सोडून.”

भाई हसले. हिरा पेडवे विकते, तिने पेडव्यांपुरतं बोलावं, असं म्हणाले. भीती ही अज्ञानाची लेक आहे, असंही म्हणाले. वाक्य चांगलं होतं. मग दुपारी कावेरीबाई आडव्या झाल्यावर ते विहिरीपलीकडे गेले, यंत्र काढून बाजूला ठेवलं, आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

त्यांचे वडील, आबा, म्हणत असत, माणसाने कानांत घट्ट बोटं घातली की आत देवाची घरघर ऐकू येते, जात्यासारखी. ज्या दिवशी ती ऐकू येणार नाही, त्या दिवशी माणसाने लोकांकडून मागून आणलेल्या वस्तू परत करायला लागावं. पुढची अमावास्या काही आपली नाही.

भाईंनी बोटं आणखी आत दाबली. श्वास धरला. विहिरीच्या पाण्यात माडाचं पान पडलं, तरंग उठले. आत काही नव्हतं. घरघर नव्हती, जातं नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. बंद घरात डोकावल्यासारखं झालं. ही घरघर आपण यापूर्वी कधी ऐकली होती का, हा प्रश्न एरवी त्यांनीच पहिल्यांदा विचारला असता. पण भाई एव्हाना अमावास्या मोजायला लागले होते.

पुढची अमावास्या शिवरात्रीनंतरची. म्हणजे महाशिवरात्रीची कुणकेश्वराची जत्रा कदाचित गाठता येईल, कदाचित नाही. लहानपणापासून एकही जत्रा चुकली नव्हती. भाई विहिरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. मग उठले, यंत्र पुन्हा कानात घातलं, माळ्यावर चढले आणि तुकारामाची शिडी खाली काढली.

ती शिडी इतकी जुनी मागून आणलेली होती, की तुकारामाच्या बापाने ती दिली होती. भाई ती खांद्यावर घेऊन आले तेव्हा तुकाराम खळ्यात उभा होता. शिडी भिंतीला लावून भाई म्हणाले, “ही तुमची. उशीर झाला.” आणि मागे न बघता निघून गेले. मागे बघायचं त्यांनी आता सोडलं होतं. शीळ मात्र त्यांच्याबरोबर खळ्याबाहेर गेली.

तुकाराम बायकोला म्हणाला, “संपला. मास्तरांनी शिडी परत केल्यानी.”

दुसऱ्या दिवशी भाईंनी देवळाची घंगाळं परत केली. मग छत्री. मग एक खोबऱ्याची किसणी, जी कुणाची ते कुणालाच आठवेना, आणि जी तीन घरांनी भीतीने घ्यायचं नाकारलं. शिळेबद्दल वाडीत अजून दोन मतं होती. काहींच्या मते ती पाखराची असू शकत होती. किसणीनंतर एकच मत राहिलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात मागून नेलेली वस्तू आठवणीने परत केली नाही तो दारोदार वस्तू वाटत फिरतो, याचा अर्थ समजायला शीळ ऐकू यायची गरज नव्हती.

समुद्र गेला तो याच्यानंतरच्या सकाळी. म्हणून भाईंनी हिरासमोर तो सिद्धांत मांडला. हिराने पाटी उचलली, फाटकापर्यंत गेली, आणि परत आली.

“वयनी,” ती हळूच म्हणाली, तशी हळू बोलायची गरज नव्हती, “आता मास्तरांका विचारू नको. सत्यवानाक बोलव.”

सत्यवान गुरव हा देवळाचा पुजारी. देवाला गाऱ्हाणं घालायचं, राखणदाराला कोंबड्याची राखण द्यायची, हे त्याचं घरचं काम. त्यात एक अडचण होती. सत्यवान भाईंचा विद्यार्थी होता.

भाई शाळेत दर शनिवारी प्रार्थना झाली की रांगेतून फिरत आणि पोरांचे कान तपासत. नखं नव्हे, केस नव्हे, कान. पेन्सिलीच्या टोकाने पाळी बाजूला करून आत डोकावत आणि मळ दिसला की पाळी पिळत. “काय रे, कानात भुईमूग पेरलायस? धुऊन ये. आणि सोमवारी वडिलांना घेऊन ये.” मळकट कानात विद्या शिरत नाही, हे त्यांचं वाक्य त्या भागातल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ होतं. सत्यवानाचा बाप इतक्या सोमवारी शाळेत गेला होता, की नवे मास्तर त्याला शिपाई समजत.

सत्यवान संध्याकाळी आला, ओटीच्या कडेला बसला. नेमकी त्याच वेळी शीळ वाजली. त्याने डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली, एखाद्या वैद्याने नाडी बघावी तशी. मग भाईंच्या कानाशी वाकला.

“मास्तरांनू, राखण देवक होयी.”

“मी मानत नाही हे, सत्यवान.” भाई शाळेतल्या मराठीत म्हणाले. गुरवाशी मालवणीत बोललं असतं तर निम्मी शरणागती तिथेच झाली असती.

“तुमी मानूक नको. मी मानतंय. तुमी नुसते उबे रवा.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक तुमच्या तेराव्याच्या वड्यांचा बोलतत. माका विचारल्यानी, खयच्या तारखेक म्हणान.”

अंगणात अंधार उतरत होता. कावेरीबाई दारात उभ्या होत्या, आणि त्या भाईंकडे बघत नव्हत्या, त्यांच्या खांद्याच्या वर, मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून ही बाई त्यांना कधी घाबरली नव्हती. आता ती त्यांच्याजवळ येताना पदर कानावर ओढून येत होती.

“कोंबो मोठो बगूक होयो काय?” भाईंनी विचारलं. मालवणीत.

“मध्यम चलात,” सत्यवान म्हणाला. उठताना त्याचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानावर गेला. “ह्यो अजून वाकडोच आसा, मास्तरांनू. पण ता जावंदे.”

राखण द्यायची ती तिन्हीसांजेला. दुसऱ्या दिवशी सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा सगळे सड्यावर पोचले. पुढे सत्यवान, त्याच्या मागे नारळ आणि बाटली घेऊन हिरा, मग कोंबडा काखेत मारलेला तुकाराम, मग कावेरीबाई. सगळ्यांत शेवटी भाई, कारण त्यांच्या मागून चालायला कुणी तयार नव्हतं. वाटेत गवत पिवळं पडलेलं, कातळ दिवसभराचा तापलेला. पायांखालून एक सरडा पळाला. त्याचाही आवाज झाला नाही.

काजऱ्याचं झाड ऐन कड्याच्या तोंडावर उभं होतं. खाली समुद्र कातळावर आपटून फुटत होता, पाण्याचे फवारे वर उडत होते, आणि भाईंना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. आपण मेल्यावर समुद्र असाच दिसेल, असं त्यांना वाटलं. मग मेल्यावर दिसणारही नाही, हे आठवलं, आणि त्यांना पहिल्यांदाच खरोखर भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

सत्यवानाने दगडावर पाणी घातलं. नारळ ठेवला, विडी ठेवली, पानाच्या द्रोणात बाटलीतली दारू ओतली. वहाणा काढायला सांगितल्या. सगळ्यांनी काढल्या. मग त्याने हात जोडले.

“बा राखणदारा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या सड्यार, ह्या शिमेर तू जागो आसस, म्हणान आमी निजतव…”

“व्हय म्हाराजा.”

भाईंना फक्त तोंडं दिसत होती. एक तोंड बराच वेळ हले, मग बाकीची तीन एकदम उघडत आणि एकदम मिटत. यापूर्वी त्यांनी या प्रकारावर शाळेत भाषण दिलं होतं आणि पोरं पोट धरून हसली होती. आता त्या तोंडांतून काय निघतंय, हे ऐकायला त्यांनी घरदार दिलं असतं.

“ह्यो मिठबावकर मास्तर चुकलो आसात, माकलो आसात…”

“व्हय म्हाराजा.”

“तू नाय म्हणान सांगल्यान आसात, शाळेतल्या पोरांका तसाच शिकवल्यान आसात…”

“व्हय म्हाराजा,” हिरा एकटीच जरा मोठ्याने म्हणाली.

“तरी तेका संबाळून घे, तेच्या मागची शीळ काड, तेका शिवरातीची जत्रा बगूक दी…”

इथे सत्यवान अडखळला. त्याची नजर भाईंच्या छातीवर आली होती. गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून तो पुढे आला आणि यंत्राच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

“ता चामडा. काडा.”

भाईंना शब्द ऐकू आला नाही, पण बोट कळलं. वहाणा चालत नाहीत, कमरेचा पट्टा चालत नाही, तर गळ्यातलं चामडं देवचाराला कसं चालेल? त्यांनी पेटीवर हात ठेवला. यंत्रातून आता काहीच येत नव्हतं हे खरं, पण काहीच न ऐकू येणारं यंत्र कानात असणं वेगळं, आणि कान उघडा टाकून त्या दगडासमोर उभं राहणं वेगळं. त्यांनी कावेरीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. काढा.

भाईंनी पट्टा डोक्यावरून काढला आणि कानातला साचा ओढला. तेलाने तो सुळकन निघाला. पेटी आणि साचा एकाच मुठीत आले.

आणि शीळ वाजली.

आजवर वाजली त्यांतली सगळ्यांत मोठी. बारीक सुरू झाली, चढत गेली, आणि थांबेचना. झाडावरची दोन पाखरं उडाली. तुकाराम तीन पावलं मागे सरला आणि काखेतला कोंबडा सुटून करवंदीच्या जाळीत शिरला. हिराने नारळाची शेंडी छातीशी धरली. नारळ कधी उचलला ते तिलाच ठाऊक नव्हतं. सत्यवान डोळे घट्ट मिटून गाऱ्हाणं म्हणत राहिला, आणि त्याला साथ द्यायला कुणी उरलं नव्हतं म्हणून “व्हय म्हाराजा”ही त्यानेच म्हटलं.

भाईंना काही कळलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की सगळे त्यांच्याकडे बघताहेत आणि या वेळी खांद्यामागे नव्हे. मुठीकडे.

त्यांनी मूठ उघडली.

हा साचा त्यांनी रोज रात्री हाताळला होता, पण चष्मा काढल्यावर. आज चष्मा नाकावर होता आणि सूर्य समोर होता. त्यांनी साचा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. भोक दिसेना. उलटा केला. दिसेना. मग साचा सूर्यासमोर धरला. भोक आरपार होतं, उजेड पलीकडून यायला हवा होता. आला नाही. भोकाच्या जागी तपकिरी, तेलकट, राळेसारखा घट्ट बसलेला एक बूच होता.

भाई त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर शनिवारी सकाळी ज्या नजरेने बघितलं, तीच नजर आपोआप डोळ्यांत आली. ‘काय रे, भुईमूग पेरलायस?’ हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि बोलायला समोर कुणीच नाही असं पाहून परत गेलं. सोमवारी कुणाच्या वडिलांना बोलवायचं, हाही प्रश्नच होता.

मग त्यांना मुंबईचे डॉक्टर आठवले. ओठ हलताहेत, बोटं फिरताहेत. एका हातात साचा, दुसऱ्या हातात इवलासा ब्रश, मग तारेचा फासा, भोकात घालून फिरवलेला, मग फुंकर. आणि शेवटी कानाकडे बोट, बाटली ओतल्याची खूण, आणि दोनदा जोरात हललेली मान. नाही, नाही. ते सगळं मुकं नाटक आत्ता, सड्यावर, काजऱ्याच्या झाडाखाली, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकू आलं. शास्त्र शिकवलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. वाट बुजली, आवाज आत शिरेना, बाहेरच्या बाहेर पेटीकडे परत वळला, आणि चाक जितकं पुढे सरकवलं तितका शीळ घालत फिरत राहिला.

त्यांनी अंगठ्याने चाक मागे घेतलं. सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले. सत्यवानाने एक डोळा उघडला.

सूर्य निम्मा पाण्यात गेला होता. शीळ थांबली, म्हणजे न्यायला आलेला आता जागेवर पोचला, असा तुकारामाने अर्थ लावला आणि टोपी काढून हातात घेतली. हिराने नारळ खाली ठेवला. कावेरीबाई भाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. माणूस जाताना शेवटचं काही बोलतो, ते ऐकायला त्या एकेक पाऊल जवळ आल्या. पदर कानावरून खाली घसरला होता आणि या वेळी त्यांनी तो सावरला नाही.

भाईंनी उजवा हात उंच केला. सत्यवानाने दुसराही डोळा उघडला आणि हात जोडले.

“गो,” भाई म्हणाले, “तुज्या केसातलो आकडो जरा दी बगूया.”